दूध उतू न जाऊ देणारा माणूस

टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली की घरातलं कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारतं. आमच्याकडे तो आत्यानं विचारला. "अरे, तो मागे उभा राहणारा उंच माणूस नेमकं करतो काय? मघापासून बघतेय, एक गोल नाही की काही नाही. चेंडू आला की देतो शेजारच्याला. आणि याला म्हणे कोट्यवधी रुपये!"

मी समजावून सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळलो. तेवढ्यात आत्या बोलता बोलता उठली, आत जाऊन गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली. दूध तापत होतं. ते उतू गेलं असतं तर सगळं घर धावलं असतं, ओट्यावरून दोन दिवस बोलणी झाली असती. गेलं नाही, त्यामुळे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. म्हटलं, "आत्या, तू आत्ता जे केलंस ना, तेच तो करतो."

न घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवणं कठीण असतं. जगातल्या मोठ्या बक्षिसांनाही ते जमलेलं नाही. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा बॅलन डी'ओर १९५६ साली सुरू झाला. तेव्हापासून पुरुषांमध्ये फक्त तीन बचावपटूंना तो मिळाला आहे: जर्मनीचा फ्रांझ बेकेनबाउर (१९७२ आणि १९७६), जर्मनीचाच मथियास सामर (१९९६) आणि इटलीचा फाबिओ कान्नावारो (२००६). बाकीची बहुतेक बक्षिसं पुढे खेळणारे घेऊन गेले.

बाजाराला मात्र या कामाची किंमत कळते. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलनं व्हर्जिल व्हॅन डाइक हा बचावपटू साडेसात कोटी पौंडांना विकत घेतला. २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं हॅरी मॅग्वायरसाठी आठ कोटी मोजले. व्यवहारी माणसं एवढे पैसे उगाच देत नाहीत (कधीकधी देतात, पण तो विषय वेगळा).

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीतून शोधू. पाओलो मालदिनी. इटलीचा बचावपटू. पंचवीस हंगाम, एसी मिलान हा एकच क्लब, त्या क्लबसाठी ९०२ सामने आणि इतक्या सामन्यांत गोल जेमतेम ३३.

१. गोल केवढा दिसतो?

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. हे माप कधी बदलत नाही. पण चेंडू घेऊन येणाऱ्याला तो केवढा *दिसतो*, हे तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं. खिडकीसमोर उभं राहिलं तर खिडकी पूर्ण दिसते. भिंतीला चिकटून तिरकं पाहिलं तर फट दिसते. तसंच हे.

एक साधा हिशेब करू. आघाडीपटू गोलच्या बरोबर समोर ११ मीटरवर आहे, म्हणजे पेनल्टी मारतात त्या ठिकाणी. तिथून दोन खांबांमधला कोन सुमारे ३७ अंशांचा दिसतो. आता त्याला गोलरेषेपासून तेवढ्याच अंतरावर ठेवू, पण मधल्या जागेपासून १५ मीटर बाजूला सरकवू. कोन १४ अंशांहूनही कमी होतो. गोल जवळजवळ एक तृतीयांश उरला! वर मध्ये गोलरक्षक उभा आहेच.

या सरकवण्याच्या वेळात बचावपटूनं चेंडूला पायही लावलेला नाही. तो फक्त अशा बाजूनं उभा राहिला की समोरच्याला बाहेरची वाट मोकळी दिसावी आणि आतली बंद. नवशिक्या प्रेक्षकाला वाटतं, हा नुसता मागे मागे काय चाललाय? तो पाहुण्याला दिवाणखान्यातून हळूहळू गॅलरीत नेत असतो.

बचावफळीत साधारण चौघं असतात. मधले दोघं सेंटर बॅक, त्यांनी गोलसमोरची जागा राखायची. कडेचे दोघं फुल बॅक, त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला, म्हणजे कडेनं चाल करून येणाऱ्याला, आवरायचं आणि संधी मिळाली की स्वतः पुढे धावायचं. मैदान शंभर-एकशेदहा मीटर लांब आणि चौघांनी राखायची रुंदी सत्तर मीटरच्या आसपास. सगळीकडे एकाच वेळी उभं राहणं अशक्य असतं. म्हणून कुठली जागा सोडायची, हे ठरवणं या कामात सर्वात मोठं.

२. टॅकलची घाई

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट कबड्डीवरून लगेच कळेल. चढाईपटू आत आला आहे, कोपरारक्षकाचे हात शिवशिवताहेत. त्यानं एक क्षण आधी पकड टाकली तर समोरचा त्याला हुलकावणी देऊन गुण घेऊन परत. जुने प्रशिक्षक ओरडत असतात, "थांब, थांब, त्याला येऊ दे." घाईत टाकलेली पकड शूर दिसते, पण संघाला महागात पडते.

फुटबॉलमधलं टॅकल म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणं. जमिनीवर घसरत जाऊन ते केलं की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ते चुकलं तर काय होतं पाहा. घसरलेल्या माणसाला उठून परत वेग पकडायला धरा दोन सेकंद. चेंडू घेऊन पळणारा सेकंदाला सात मीटर जात असेल तर तेवढ्यात चौदा मीटर पुढे. गोलजवळच्या भागात चौदा मीटर म्हणजे सगळं संपलं.

म्हणून बचावपटूचं पहिलं काम अडवण्याचं नसतं, खोळंबवण्याचं असतं. समोरच्याचा एक सेकंद खाल्ला की आपला एक सहकारी सात मीटर मागे पोचतो. दोन सेकंद खाल्ले की दोघं पोचतात. टॅकल करावं लागलं याचा अर्थ मी आधीच कुठेतरी चुकलो, अशा आशयाचं एक वाक्य मालदिनीच्या नावावर नेहमी सांगितलं जातं. तो टॅकल करायचा नाही असं मुळीच नाही. पेनल्टी क्षेत्रात घसरत जाऊन अलगद चेंडू काढून घेण्यात त्याच्याइतकं स्वच्छ पाऊल मी पाहिलेलं नाही. पण तो उभा राहून जे करायचा ते जास्त अवघड होतं आणि ते दाखवायला कॅमेरा कधी थांबला नाही.

३. चेझारेचा मुलगा

पाओलोचा जन्म २६ जून १९६८ चा, मिलान शहरातला. वडील चेझारे मालदिनी स्वतः एसी मिलानचे बचावपटू आणि कर्णधार. १९६३ साली लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर बेन्फिकाला २-१ हरवून मिलाननं पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला, तो चषक उचलला चेझारेंनी. अशा घरात जन्मणं म्हणजे वरदान असंच आपल्याला वाटतं. मुलाला मात्र प्रत्येक चुकीला एकच टोमणा ऐकावा लागतो: बापाच्या नावावर आलाय.

२० जानेवारी १९८५ रोजी उदिने गावात उदिनेझे संघाशी सामना होता. मिलानचा सेर्जिओ बत्तिस्तिनी जायबंदी झाला आणि प्रशिक्षक नील्स लीडहोल्म यांनी सोळा वर्षांच्या पाओलोला उतरवलं. सामना १-१ सुटला. त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही. पुढच्या हंगामात मात्र तो संघात आला आणि मग त्याला बाहेर काढायचं कुणाला सुचलंच नाही.

इथे व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यातली एक गंमत. पाओलो उजव्या पायाचा. त्याची जागा उजवा फुल बॅक. पण तिथे मौरो तास्सोत्ती पक्का बसलेला. मग पाओलोला डावीकडे पाठवलं.

उजव्या पायाच्या माणसानं डावीकडे खेळणं म्हणजे काय, हे कळायला डाव्या हातानं वाटीतली आमटी वाढून पाहा. विंगर बाहेरच्या बाजूनं कडेला पळाला की त्याला गाठायला डावा पाय लागतो. पुढे जाऊन कडेवरून गोलसमोर चेंडू उचलून द्यायचा तर तोही डाव्यानंच. पाओलोनं तो पाय इतका तयार केला की त्याचा मूळ पाय कुठला हे अनेकांना सांगावं लागे. फायदा पुढे कळला: विंगर आत वळला की पाओलोचा उजवा, म्हणजे जन्माचा चांगला पाय, बरोबर त्या बाजूला वाट पाहत असायचा. अडचण म्हणून मिळालेली जागा त्यानं अनेक वर्षं आपली केली. इटलीचा डावा बॅक म्हटलं की अजूनही त्याचंच नाव पुढे येतं.

४. अडसर आणि साखळी

मालदिनी नेमकं काय शिकला हे समजायला त्याआधीची इटालियन पद्धत माहीत हवी. तिचं नाव कातेनाच्चो, म्हणजे दाराचा अडसर. या पद्धतीत प्रत्येक बचावपटूला एकेक माणूस नेमून दिलेला असे. तो जिथे जाईल तिथे सावलीसारखं जायचं. याला मॅन-मार्किंग म्हणतात. आणि या सगळ्यांच्या मागे एक जादा माणूस मोकळा ठेवायचा, कुणाच्याच मागे न लागता, कुणाचाही माणूस सुटला तर त्याला धरायला. त्याला म्हणत लिबेरो. शब्दाचा अर्थच मोकळा. चेझारे मालदिनी याच परंपरेत वाढले. १९६३ चे मिलानचे प्रशिक्षक नेरेओ रोक्को हे कातेनाच्चोच्या मोठ्या गुरूंपैकी एक.

पद्धत भक्कम, पण तिच्यात एक खोट. तुमचा माणूस कुठे जाणार हे तो ठरवतो. म्हणजे तुमची जागा शत्रू ठरवतो!

१९८७ साली मिलानला आरिगो साक्की नावाचे प्रशिक्षक आले. व्यावसायिक फुटबॉल ते कधी खेळलेच नव्हते. वडिलांच्या धंद्यात बूट विकलेले. वर्तमानपत्रांनी खवचटपणे विचारलं तेव्हा, घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावं लागतं हे मला माहीत नव्हतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. ते उत्तर आता साक्कींपेक्षा प्रसिद्ध आहे.

साक्कींनी अडसर काढला आणि साखळी धरली. पुन्हा कबड्डीच घ्या. साखळीतले दोघं एकमेकांचे हात धरून हलतात. एक पुढे सरकला की दुसरा त्याच्याबरोबर. साक्कींच्या चौघांना हात धरायचे नव्हते, पण अंतर तसंच राखायचं होतं. खेळाडूनं सतत चार गोष्टींवर नजर ठेवायची असं ते सांगत: चेंडू, मोकळी जागा, प्रतिस्पर्धी आणि आपले सहकारी. जुन्या पद्धतीत यातली एकच पुरेशी होती.

साखळीचं सर्वात धारदार शस्त्र म्हणजे ऑफसाइड. या नियमाला घाबरून बरेच लोक फुटबॉल पाहणं सोडतात, म्हणून सावकाश सांगतो. सहकारी चेंडू पास करतो *त्या क्षणी* आघाडीपटू समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, चेंडूच्याही पुढे असेल, आणि गोलरेषेपासून मोजताना समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे गेलेला असेल, तर तो ऑफसाइड. शेवटचा माणूस सहसा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटचा बचावपटू जिथे उभा, तिथे एक अदृश्य रेघ. पास निघताना तिच्या अलीकडे राहायचं.

ही रेघ मैदानावर आखलेली नाही. ती बचावपटूंच्या पायांबरोबर हलते. समजा आघाडीपटू सेकंदाला सात मीटर वेगानं गोलकडे निघालाय आणि नेमक्या त्याच वेळी चौघं बचावपटू सेकंदाला तीन मीटर वेगानं उलट दिशेला, पुढे सरकले. अर्ध्या सेकंदात दोघांमध्ये पाच मीटरचं अंतर. पास निघतो, आणि बिचारा पाच मीटर ऑफसाइड सापडतो. कुणी त्याला हातही लावलेला नाही.

पण चौघांपैकी एकजण जरी जागीच राहिला तरी रेघ त्याच्यापाशी येते आणि सगळा डाव फसतो. म्हणून कुणीतरी एकानं इशारा द्यायचा आणि बाकीच्यांनी न विचारता सरकायचं. मिलानमध्ये तो इशारा फ्रँको बरेसीचा. उंची पाच फूट नऊ इंचांच्या आसपास, सेंटर बॅकच्या मानानं किरकोळ. पण त्याचा हात वर गेला की चौघं एकदम हलत. डावीकडे एकोणीस-वीस वर्षांचा पाओलो, उजवीकडे तास्सोत्ती, मध्ये बरेसीच्या जोडीला आधी फिलिप्पो गाल्ली, मग अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता.

साक्कींनी पुढे सांगितलेली सरावाची एक गोष्ट आहे. एका बाजूला हे चौघं आणि गोलरक्षक, असे पाच. दुसऱ्या बाजूला गुलित, व्हॅन बास्टन या आघाडीच्या खेळाडूंसकट दहा जण. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. चेंडू गमावला की पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात. साक्की म्हणतात, दहा जणांना तो गोल कधी जमला नाही.

पहिल्याच हंगामात, १९८७-८८ मध्ये, मिलान इटलीचा विजेता झाला. तीस सामन्यांत त्यांच्यावर १४ गोल झाले. पुढची दोन वर्षं, १९८९ आणि १९९०, युरोपियन कपही त्यांचाच.

५. नियम फिरले

बचावपटूंनी खेळ इतका आवळला की तो पाहणं कंटाळवाणं व्हायला लागलं. १९९० चा विश्वचषक इटलीतच झाला, आपल्यापैकी अनेकांनी तो दूरदर्शनवर पाहिला. ५२ सामन्यांत ११५ गोल, सामन्यामागे अडीचसुद्धा नाहीत. यजमान इटलीनं तर पहिल्या पाच सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही.

मग नियम एकेक करून आघाडीपटूंच्या बाजूला झुकले. १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला आघाडीपटू ऑफसाइड धरला जाईनासा झाला. १९९२ पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. तोवर अडचणीत आलं की चेंडू मागे देऊन वेळ काढणं हा बचावपटूंचा हक्काचा विसावा होता. १९९८ च्या विश्वचषकात पाठीमागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवायचं ठरलं.

नोकरीच्या मध्यावर कचेरीत संगणक आले तेव्हा जशी कारकुनांची दोन गटांत विभागणी झाली, तसंच इथे झालं. धसमुसळेपणावर जगणारे बचावपटू मागे पडले. ज्यांना चेंडू पायात ठेवून पुढे देता येत होता, ते टिकले. मालदिनी दुसऱ्या गटातला.

६. दोन महिने, दोन फायनल

१९९३-९४ चा मिलान संघ आत्याला दाखवायला हवा होता. तोवर साक्की जाऊन फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक झाले होते. ३४ सामन्यांत मिलाननं गोल केले ३६. म्हणजे सामन्याला एकाहून किंचित जास्त. एवढ्यावर कुणी लीग जिंकतं का? पण त्यांच्यावर झाले फक्त १५. त्याच हंगामात गोलरक्षक सेबास्तियानो रोस्सी सलग ९२९ मिनिटं, म्हणजे दहा सामन्यांहून अधिक वेळ, एकही गोल न खाता उभा राहिला. मिलान विजेता झाला. जिंकायला समोरच्याहून एक गोल जास्त लागतो. समोरच्याचा आकडा शून्यावर बसवता आला तर एक पुरतो.

१८ मे १९९४, अथेन्स. चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बार्सिलोना. त्यांच्याकडे ब्राझीलचा रोमारिओ आणि बल्गेरियाचा स्तोइचकोव्ह. मिलानकडे बरेसी नाही, कोस्ताकुर्ता नाही. दोघांवर त्या सामन्यापुरती बंदी. मधली भिंतच गेली. कापेल्लोंनी मालदिनीला डावीकडून उचलून मध्ये गाल्लीशेजारी उभं केलं. बहुतेकांनी बार्सिलोना जिंकणार असं धरलं होतं. मिलान ४-० जिंकला.

दोन महिन्यांनी, १७ जुलैला, अमेरिकेत पासाडेनाला विश्वचषकाची फायनल. इटली विरुद्ध ब्राझील. इटलीचे प्रशिक्षक साक्कीच. बरेसीचा गुडघा २३ जूनला नॉर्वेविरुद्ध दुखावला होता. गुडघ्यात दोन हाडांमध्ये कुर्चेची एक गादी असते, मेनिस्कस. ती फाटली होती. शस्त्रक्रिया झाली आणि चोविसाव्या दिवशी तो फायनलला उतरला. शेजारी मालदिनी, पुन्हा मध्ये. समोर पुन्हा रोमारिओ, जोडीला बेबेतो. एकशेवीस मिनिटं, गोल शून्य. विश्वचषकाच्या फायनलमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. पेनल्टीत बरेसीनं चेंडू वरून मारला, शेवटी रॉबेर्तो बाज्जोनंही, आणि ब्राझील जिंकला.

बाज्जोची ती मान खाली घातलेली आकृती सगळ्यांना आठवते. मला दुसरा आकडा आठवतो: ९० अधिक १२०, दोनशे दहा मिनिटं. जगातल्या सर्वात चलाख आघाडीपटूसमोर मालदिनी दोन फायनलमध्ये इतका वेळ उभा होता आणि रोमारिओला चालू खेळात एकही गोल करता आला नाही. त्या वर्षी 'वर्ल्ड सॉकर' मासिकानं मालदिनीला जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्यांच्या यादीत बचावपटूला पहिल्यांदाच तो मान मिळाला.

७. छत्तिशीनंतर

आघाडीपटूचे पाय बत्तिशी-तेहत्तिशीला जड व्हायला लागतात. बचावपटू त्यानंतरही पाच-सहा वर्षं खेळताना दिसतात. का?

एक कारण जागेचं. फुल बॅक कडेनं सतत वरखाली धावतो. सेंटर बॅकला ती ये-जा नाही. तिशीनंतर मालदिनी हळूहळू मध्ये सरकला, तो वयाशी केलेला शहाणपणाचा सौदा होता. दुसरं कारण डोळ्यांचं, आणि तेच अधिक महत्त्वाचं.

समजा तीस मीटरवरून पास निघतो आणि दीड सेकंदात पोचतो. बावीस वर्षांचा चपळ बचावपटू पास निघालेला पाहून धावायला लागतो. वेग सेकंदाला आठ मीटर. दीड सेकंदात बारा मीटर. सदतीस वर्षांच्या बचावपटूचा वेग साडेसहा. पण पास देणाऱ्याचा खांदा कुठे वळला, पाय कितपत मागे गेला, हे पाहून तो अर्धा सेकंद आधीच निघाला. त्याच्याकडे दोन सेकंद आहेत. तो तेरा मीटर जातो. म्हातारा एक मीटरनं पुढे! (वेग पकडायला लागणारा वेळ मी सोडून दिलाय, पण मुद्दा तोच राहतो.) भाजीबाजारात मुरलेली बाई गर्दीतून कुणालाही धक्का न देता झपझप जाते आणि आपण तिच्या मागे ठेचकाळत राहतो, तसं हे.

२८ मे २००३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसला पेनल्टीत हरवून कर्णधार मालदिनीनं चॅम्पियन्स लीगचा चषक उचलला. वडिलांनी इंग्लंडमध्येच तो उचलला त्याला चाळीस वर्षं झाली होती. तेव्हा पाओलो चौतीस वर्षांचा. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, इस्तंबूलला लिव्हरपूलविरुद्धच्या फायनलमध्ये त्यानं चक्क पहिल्याच मिनिटात गोल केला. मध्यंतराला मिलान ३-० पुढे. उत्तरार्धात सहा मिनिटांत लिव्हरपूलनं तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टीत सामना नेला. गोल करणारा बचावपटू आणि तीन गोल खाणारी बचावफळी, दोन्ही एकाच संध्याकाळी! २००७ मध्ये अथेन्सला त्याच लिव्हरपूलला २-१ हरवून हिशेब मिटला. मालदिनी तेव्हा एकोणचाळिशीला महिना कमी होता. हा त्याचा पाचवा युरोपियन चषक. फायनल खेळला आठ.

८. एकशे सतरावं मिनिट

इतकं सगळं करून बचावपटूची ओळख बऱ्याचदा एका चुकीवर येऊन थांबते. आघाडीपटूनं पाच संधी घालवून सहावी साधली तर तो नायक. बचावपटूनं पाच वाचवून सहावी सोडली तर?

१८ जून २००२, दक्षिण कोरियातलं देजॉन. विश्वचषकाची बाद फेरी, इटली विरुद्ध यजमान कोरिया. १-१. जादा वेळ, आणि तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता: जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपला. ११७ व्या मिनिटाला डावीकडून चेंडू उंच आला. आन जुंग-ह्वाननं मालदिनीच्या वरून उडी घेऊन डोक्यानं तो जाळ्यात टाकला. इटली घरी. मालदिनीचा देशासाठीचा तो १२६ वा आणि शेवटचा सामना. चौदा वर्षांत त्याला विश्वचषक मिळाला नाही, युरो कपही नाही. २००० च्या युरो फायनलमध्येही इटलीला गोल्डन गोलनंच हरवलं होतं. चार वर्षांनी, २००६ मध्ये, इटली विश्वविजेती झाली, तेव्हा तो घरी बसून पाहत होता.

हेच मिनिट दुसऱ्या एका बचावपटूला वेगळं भेटलं. १७ मार्च २०१९, मुंबई फुटबॉल अरिना, इंडियन सुपर लीगची फायनल, बेंगळुरू विरुद्ध गोवा. गोलशून्य बरोबरी, जादा वेळ, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर मुंबईच्याच राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला. बेंगळुरू विजेता. भेके बचावपटू. गोव्याच्या बचावफळीला ती रात्र कशी गेली असेल, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

९. तीन नंबर

२४ मे २००९ ला मिलानच्या सान सीरोवर मालदिनीचा घरचा शेवटचा सामना होता. रोमाविरुद्ध मिलान ३-२ हरला. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी मारत असताना सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, पण कडव्या पाठीराख्यांच्या एका गटानं शिट्ट्या वाजवल्या आणि जुन्या कर्णधाराचं, बरेसीचं नाव घेतलं. मालदिनीनं त्यांच्यापुढे कधी मान तुकवली नव्हती, त्याचा राग. पंचवीस वर्षांनी हा निरोप! आठवड्यानं, ३१ मे ला, फ्लोरेन्सला तो अखेरचा खेळला आणि तिथे समोरच्या संघाच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्याला मान दिला.

त्याची तीन नंबरची जर्सी मिलाननं निवृत्त केली. अट एकच: त्याच्या मुलांपैकी कुणी मिलानच्या मुख्य संघात खेळला तर ती त्याला देता येईल. धाकटा मुलगा डॅनिएल २ फेब्रुवारी २०२० ला मिलानकडून पहिल्यांदा खेळला. २५ सप्टेंबर २०२१ ला स्पेझियाविरुद्ध त्यानं डोक्यानं पहिला गोल केला आणि प्रेक्षकांत बसलेला बाप उठून उभा राहिला. मिलानमध्ये डॅनिएलच्या पाठीवर नंबर २७ होता. तो आघाडीला खेळतो.